विंडोजचे सॉफ्टवेअर, लिनक्सचे यंत्र आणि मध्येच तुटणारे नेटवर्क

नागपूर-भंडारा मार्गावरील मौदा हे तालुक्याचे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते प्रामुख्याने एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन अशा चार संचांचे मिळून २३२० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र आहे. तालुका मात्र मुळात धानाचा. धान भरडणाऱ्या गिरण्या, खत-बियाण्यांची दुकाने, कर सल्लागारांच्या छोट्या खोल्या अशा ठिकाणी संगणकाचे जे विश्व नांदते, ते महानगरातील कार्यालयांपेक्षा वेगळे असते. दोन किंवा तीन जुने संगणक, एक राउटर, एक प्रिंटर आणि दहा-बारा वर्षांपूर्वी विकत घेतलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर वर्षानुवर्षे काम चालते.

अशा एखाद्या भातगिरणीचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. जुने यंत्र नवी विंडोज पेलत नाही आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत वा इच्छा नाही, अशा वेळी कोणीतरी जाणता तरुण त्यावर लिनक्स बसवून देतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र केवळ विंडोजसाठी लिहिलेले. ते 'वाइन' नावाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने लिनक्सवर सुरू होते. खिडक्या उघडतात, आकडे दिसतात, पावतीही छापली जाते. आणि मग शेजारच्या टेबलावरील संगणकाशी जोडण्याची वेळ येते, तेव्हा पडद्यावर एकच ओळ उमटते : सर्व्हर सापडत नाही. हंगामात गाड्या दारात उभ्या असताना ही ओळ किती महाग पडते, हे गिरणीमालकालाच विचारावे.

हा दोष नेमका कोठे आहे आणि तो कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. तो गिरणीपुरता मर्यादित नाही. मराठी मुद्रणव्यवसायात रुळलेली अनेक टंकलेखन व अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठीच बनली. लिनक्सकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक छापखान्याला कधी ना कधी वाइनचे दार ठोठवावे लागते.

वाइन म्हणजे काय?

वाइन हा प्रकल्प १९९३ साली बॉब ॲमस्टॅट यांच्या पुढाकाराने सुरू झाला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आहे. विंडोज ३.१ चे प्रोग्राम लिनक्सवर चालविणे, हा तेव्हाचा हेतू होता. पहिली स्थिर आवृत्ती, म्हणजे १.०, बाहेर पडण्यास १७ जून २००८ उजाडला. पंधरा वर्षांचा हा विलंब आळसामुळे नव्हता. विंडोज हे स्वतःच दरवर्षी पुढे पळणारे लक्ष्य होते.

'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' असे नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यातील तांत्रिक आशय महत्त्वाचा आहे. वाइन संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करीत नाही. विंडोजचा प्रोग्राम प्रोसेसरवर थेटच चालतो. तो जेव्हा विंडोजकडे काही मागतो, उदाहरणार्थ 'ही फाइल उघड' किंवा 'या पत्त्याशी जोडणी कर', तेव्हा ती मागणी वाइन आपल्याकडे घेते, लिनक्सला समजेल अशा शब्दांत मांडते आणि आलेले उत्तर पुन्हा विंडोजच्या भाषेत परत करते. वाइनला दुभाषा म्हणता येईल. दुभाष्याच्या चुका दोन प्रकारच्या असतात. एक तर त्याला शब्दच ठाऊक नसतो. दुसरी चूक अधिक घातक : शब्द ठाऊक असतो, पण त्या शब्दामागचा रिवाज ठाऊक नसतो. नेटवर्कच्या बाबतीत बहुतेक हट्टी दोष या दुसऱ्या प्रकारचे असतात.

एकाच घराण्याच्या दोन शाखा

नेटवर्कवरून बोलण्यासाठी प्रोग्राम 'सॉकेट' नावाची सोय वापरतात. तिचा प्रसार १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले केंद्रातून बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून झाला. विंडोजच्या जगात मात्र सुरुवातीला इंटरनेटची सोय अंगभूत नव्हती. निरनिराळ्या कंपन्या आपापले संच विकत आणि एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या संचावर चालत नसे. या गोंधळावर उपाय म्हणून 'विंडोज सॉकेट्स' अर्थात विनसॉक हे सामाईक प्रमाण ठरले. त्याची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मधील. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा चित्रे दिसणारी 'टीसीपी-आयपी' जोडणी घेणाऱ्या विंडोज ३.१ च्या ग्राहकाला टास्मानियातील पीटर टॅटम यांचे 'ट्रम्पेट विनसॉक' वेगळे बसवावे लागे. मोडेमचा किरकिराट ऐकलेल्या पिढीला ते नाव अजूनही आठवत असेल.

विनसॉकच्या रचनाकारांनी बर्कलेचाच नमुना घेतला, आकड्यांसकट. बीएसडीमध्ये 'जोडणी नाकारली' या त्रुटीचा क्रमांक ६१ होता. विनसॉकने त्यात १०००० मिळवून तो १००६१ केला. 'आत्ता शक्य नाही, थोड्या वेळाने विचारा' याचा क्रमांक ३५, तो झाला १००३५. 'पत्ता आधीच वापरात आहे' हा ४८, तो १००४८. लिनक्स मात्र याच त्रुटींना अनुक्रमे १११, ११ आणि ९८ म्हणतो. म्हणजे आकड्यांपुरते पाहिल्यास बर्कलेचे जुने संस्कार लिनक्सपेक्षा विंडोजनेच अधिक जपले, ही गंमत आहे. 'आयपी व्हर्शन ६' या पत्तापद्धतीचा क्रमांक विंडोजमध्ये २३, तर लिनक्समध्ये १०. सॉकेटच्या सर्वसाधारण पर्यायांची पातळी विंडोजमध्ये ६५५३५, लिनक्समध्ये १. असे शेकडो आकडे वाइनला कोष्टक ठेवून दोन्ही दिशांना बदलावे लागतात. कोष्टकात एखादी नोंद राहून गेली की प्रोग्रामला अनोळखी त्रुटी मिळते आणि तो गोंधळून बंद पडतो. असे दोष तुलनेने सोपे. नोंद भरली की मिटतात.

आकडे जुळले तरी अर्थ जुळतीलच असे नाही. सॉकेटवर उत्तराची किती वेळ वाट पाहायची, हे ठरविण्याचा पर्याय दोन्हीकडे आहे. विंडोजचा प्रोग्राम पाच सेकंदांसाठी ५००० हा एकच आकडा देतो, कारण तेथे परिमाण मिलिसेकंदाचे आहे. लिनक्सला मात्र सेकंद आणि मायक्रोसेकंद अशी जोडी हवी असते. ५००० हे जर सेकंद समजले गेले असते, तर प्रोग्राम एक तास तेवीस मिनिटे वाट पाहत बसला असता.

याहून सूक्ष्म उदाहरण जोडणीचे. प्रोग्रामने 'मला थांबवून न ठेवता जोडणी सुरू कर' असे सांगितले, तर विंडोज 'आत्ता शक्य नाही' हे उत्तर देते आणि लिनक्स 'काम चालू आहे' हे. पुढे ती जोडणी फसली, तर विंडोज त्याची वर्दी अपवादांच्या यादीत देते; लिनक्स तोच सॉकेट 'लिहिण्यास तयार' असल्याचे सांगतो आणि त्रुटी काय झाली हे वेगळे विचारावे लागते. विंडोजवर वाढलेला प्रोग्राम अपवादांच्या यादीकडे डोळे लावून बसतो. दुभाष्याने ही वर्दी योग्य यादीत पोहोचविली नाही, तर प्रोग्राम जन्मभर वाट पाहील. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की सॉफ्टवेअर 'हँग' झाले.

यूडीपी या निरोप्या पद्धतीतही असेच. पाठविलेला निरोप प्रोग्रामने दिलेल्या जागेपेक्षा मोठा असेल, तर लिनक्स उरलेला भाग मुकाट्याने टाकून देतो. विंडोज १००४० ही त्रुटी देऊन सांगते की निरोप मावला नाही. आणि पलीकडे ऐकणारे कोणी नसेल, तर विंडोज पुढच्या वाचनाच्या वेळी 'जोडणी तोडली गेली' असे कळविते, तर लिनक्सवर न जोडलेल्या यूडीपी सॉकेटला एरवी काहीच कळत नाही. यांपैकी कोणते वर्तन बरोबर, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. प्रोग्राम ज्या घरात वाढला, त्या घरचा रिवाज वाइनला पाळावा लागतो. अगदी त्या रिवाजातील विक्षिप्तपणासह.

आधी घर तपासावे

एवढे पुराण सांगितल्यावर गिरणीत परत येऊ. सर्व्हर सापडत नाही म्हटल्याबरोबर वाइनला दोष देणे ही पहिली चूक. कितीतरी वेळा वाइनचा त्यात काहीच संबंध नसतो. लिनक्सच्या स्वतःच्या साधनांनी पलीकडच्या संगणकाला हाक मारून पाहावी; 'पिंग'ला उत्तर येते का, आणि ज्या पोर्टवर सॉफ्टवेअरचा सर्व्हर बसला आहे ते पोर्ट उघडते का, हे पाहावे. तेथेच अडले, तर गुन्हेगार फायरवॉल, केबल किंवा राउटर आहे.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे संगणकाचे नाव. विंडोजचे संगणक एकाच जाळ्यात असताना एकमेकांना नावाने हाक मारून शोधतात. त्यासाठी नेटबायॉससारखी जुनी पुकारा पद्धत वापरली जाते. लिनक्स ही पुकारा पद्धत आपोआप समजत नाही. त्यामुळे 'मुनीम-पीसी' या नावाने विंडोजवर मिळणारा सर्व्हर लिनक्सवर मिळत नाही. तोच आयपी पत्ता लिहिला की लगेच मिळतो. नावाऐवजी आकडी पत्ता देऊन पाहणे ही अर्ध्या मिनिटाची चाचणी आहे आणि तिने अनेकांचे अर्धे दिवस वाचविले आहेत.

सॉफ्टवेअर सर्व्हरशी बोलत नसून शेजारच्या संगणकावरील सामाईक फोल्डर उघडत असेल, तर प्रकरण आणखी निराळे. दोन उलट्या रेषांनी सुरू होणारे विंडोजचे नेटवर्क-मार्ग वाइन स्वतःहून जाळ्यात शोधत नाही. ते फोल्डर आधी लिनक्सवर जोडून घ्यावे लागते आणि मग वाइनच्या मांडणीत त्याला एखादे ड्राइव्हचे अक्षर द्यावे लागते. येथे सॉकेटचा दोष शोधत बसणारा माणूस विहिरीत पडलेली घागर माळ्यावर शोधत असतो.

उलट बाजूही तपासावी. लिनक्सच्या यंत्रावर वाइनमधून सर्व्हर चालवायचा असेल, तर तो नेमक्या कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे, हे 'एसएस' या आज्ञेने दिसते. डेबियन आणि तिच्या वंशातील लिनक्समध्ये 'हॉस्ट्स' या फाइलीत संगणकाच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ हा पत्ता लिहिलेला असतो. हा पत्ता यंत्राच्या आतल्या आत फिरतो. स्वतःचे नाव विचारून मिळालेल्या पत्त्यावर सर्व्हर मांडणारे जुने प्रोग्राम यामुळे बंद खोलीत दुकान थाटून बसत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला दारच दिसत नसे. लॅनवर खेळल्या जाणाऱ्या जुन्या खेळांना या दोषाने फार छळले. पुढे वाइनच्या रचनाकारांनी स्वतःच्या नावाची चौकशी झाल्यास यंत्राच्या खऱ्या नेटवर्क-पत्त्यांची यादी देण्याची व्यवस्था केली. तरीही जुन्या आवृत्त्यांवर हा अनुभव येतोच. याच खेळांपैकी जे आयपीएक्स ही नॉव्हेलच्या काळातील पद्धत वापरीत, त्यांचा प्रश्न मात्र वाइनला सोडविता येण्यासारखा राहिला नाही. २०१८ साली लिनक्सच्या ४.१८ या आवृत्तीतून आयपीएक्सचा आधारच काढून टाकण्यात आला.

नोंदी वाचण्याची कला

घर तपासून झाले, जाळे धड आहे आणि तरीही वाइनमधील प्रोग्रामच जोडला जात नाही, असे ठरले की मग वाइनच्या आत डोकवावे. त्यासाठी 'वाइनडीबग' नावाचा एक बदलता येणारा पर्याय आहे. त्याला 'विनसॉक' या वाहिनीचे नाव दिले, की प्रोग्रामने नेटवर्ककडे केलेली मागणी आणि तिला मिळालेले उत्तर यांची ओळीने नोंद होते. ही नोंद पडद्यावर न सोडता फाइलीत घ्यावी. वेळेचा ठसा आणि धाग्याचा क्रमांक नोंदविणाऱ्या वाहिन्याही सोबत सुरू कराव्यात. त्यांच्यावाचून दोन धाग्यांचे बोलणे एकमेकांत मिसळते आणि वाचणाऱ्याला कोण काय म्हणाले ते उमगत नाही.

नवखा माणूस या फाइलीत 'फिक्समी' हा शब्द पाहून दचकतो. हा शब्द म्हणजे रचनाकारांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी : अमुक काम अजून पूर्ण झालेले नाही. उत्तम चालणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीतही अशा चिठ्ठ्या डझनांनी आढळतात. फाइल सुरुवातीपासून न वाचता शेवटाकडून वर वाचत जावी, हे अनुभवी लोकांचे सांगणे आहे. प्रोग्राम कोणत्या क्षणी गप्प झाला ते शोधावे आणि त्याच्या लगेच आधीच्या मागणीला काय उत्तर मिळाले ते पाहावे. १००६१ दिसले, तर पलीकडे ऐकणारे कोणी नाही. १००६० दिसले, तर हाक गेली पण उत्तरच आले नाही, बहुधा फायरवॉल. १००१३ म्हणजे परवानगी नाही. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडण्यास लिनक्स साध्या वापरकर्त्याला एरवी मनाई करतो, विंडोजमध्ये असे बंधन नाही. त्यामुळे विंडोजवर विनातक्रार चालणारा सर्व्हर येथे अडतो. आणि १००३५ दिसले, तर घाबरू नये. ती बहुतेकदा त्रुटी नसतेच, रोजचे बोलणे असते.

'रिले' नावाची आणखी एक वाहिनी आहे. ती प्रोग्रामने केलेली जवळजवळ प्रत्येक मागणी टिपते. पाहता पाहता फाइल प्रचंड फुगते आणि प्रोग्रामची गती इतकी मंदावते, की वेळेच्या गणितावर अवलंबून असलेला दोष कधी कधी नाहीसाच होतो. नाहीसा झाला, हाही एक पुरावा आहे : दोष दोन धाग्यांच्या शर्यतीत दडला आहे, असा तर्क करण्यास जागा मिळते.

वाइनच्या नोंदी म्हणजे दुभाष्याची साक्ष. दुभाष्यावरच संशय असताना केवळ त्याच्या साक्षीवर विसंबून चालत नाही. म्हणून दोन स्वतंत्र साक्षीदार बोलवावेत. 'एसट्रेस' हे साधन वाइनने लिनक्सकडे प्रत्यक्षात काय मागितले ते दाखविते, तर 'टीसीपीडम्प' किंवा 'वायरशार्क' ही साधने तारेवरून काय गेले व काय आले ते दाखवितात. तारेवर काहीच गेले नसेल, तर दोष यंत्राच्या आत आहे. गेले पण उत्तर आले नाही, तर बाहेर. आणि संवाद काही वेळ सुरळीत होऊन मध्येच थांबला असेल, तर शेवटचे पॅकेट कोणी पाठविले आणि ते प्रोग्रामच्या हाती पोहोचले का, या दोन प्रश्नांपाशी सारे येऊन ठेपते. तारेवर उत्तर आले आहे आणि प्रोग्रामला मात्र त्याची वर्दी नाही, असे दिसले की खरा दोष सापडण्याच्या मार्गावर आहे असे समजावे.

वर्दीचे शास्त्र

विंडोजच्या प्रोग्रामला नेटवर्कची वर्दी देण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतील एक फार विंडोजी थाटाची : माउसचे बटन दाबल्यावर जसा खिडकीला संदेश जातो, तसाच 'माहिती आली' हा संदेशही खिडकीकडे पाठविला जातो. नियम असा की संदेश एकदा पाठविला की प्रोग्रामने प्रत्यक्ष वाचन करीपर्यंत पुन्हा पाठवायचा नाही. वाचल्यावर अजून माहिती शिल्लक असेल, तर लगेच नवा संदेश द्यायचा. 'आता लिहू शकता' हा संदेश तर जोडणी झाल्यावर एकदाच येतो. त्यानंतर तो पुन्हा येतो तो केवळ लिहिण्याचा एखादा प्रयत्न १००३५ ने फसून मग वाट मोकळी झाल्यावरच.

लिनक्समध्ये या नियमाला तंतोतंत समांतर असे काही नाही. म्हणून कोणत्या सॉकेटला कोणती वर्दी दिली, कोणती द्यायची आहे, कोणती रोखून धरली आहे याचा हिशेब वाइनची 'वाइनसर्व्हर' ही वेगळी प्रक्रिया ठेवते. या हिशेबात एक संदेश कमी पडला तर प्रोग्राम कायमचा थिजतो. एक जास्त गेला तर काही प्रोग्राम तो दुर्लक्षितात, काही मात्र रिकाम्या सॉकेटवर वाचन करू पाहतात आणि कोलमडतात. फाइल उतरताना नेहमी ९९ टक्क्यांवर अडणारे सॉफ्टवेअर, किंवा खिडकी हलविली की पुढे सरकणारी जोडणी, अशा चमत्कारिक तक्रारींचा उगम येथे असू शकतो.

या भागाची पुनर्रचना २०२१ साली झाली. खऱ्या विंडोजमध्ये विनसॉक हा वरचा पडदा असतो आणि खरे काम 'एएफडी' नावाचा कर्नलमधील चालक करतो. काही प्रोग्राम विनसॉकला वळसा घालून थेट या चालकाशी बोलतात. वाइनने सॉकेटचे बरेचसे काम मग तशाच रचनेत हलविले. जानेवारी २०२२ मधील ७.० या स्थिर आवृत्तीतून ते सर्वांना मिळाले. येथून एक व्यावहारिक धडा निघतो. नेटवर्कचा दोष दिसला आणि बसविलेली आवृत्ती त्याआधीची असली, तर बाकी सारे सोडून आधी नवी आवृत्ती बसवावी. लिनक्सच्या अनेक वितरणांबरोबर येणारे वाइन बरेच जुने असते.

सुरक्षित जोडणीचा वेगळा प्रश्न आहे. कर भरणा, बँक, सक्रियता-क्रमांक पडताळणे यांसाठी प्रोग्राम कूटबद्ध जोडणी करतात. विंडोज यासाठी स्वतःचे 'एसचॅनल' वापरते. वाइन हे काम लिनक्सवरील 'ग्नूटीएलएस' या ग्रंथालयाकडून करवून घेते. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर ३२ बिटची आणि लिनक्स ६४ बिटचा, अशा वेळी ग्नूटीएलएसची ३२ बिटची प्रत बसविलेली नसेल, तर साधी जोडणी होते, सुरक्षित तेवढी होत नाही. नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असते, पण नोंद वाचतो कोण! जानेवारी २०२४ मधील ९.० आवृत्तीत ३२ बिटच्या प्रतींवाचून असे प्रोग्राम चालविण्याची नवी रीत प्रायोगिक स्वरूपात आली. जुन्या प्रोग्रामला टीएलएसची जुनीच आवृत्ती येत असेल आणि पलीकडच्या सर्व्हरने ती बंद केली असेल, तर मात्र वाइनला दोष देता येणार नाही. तो प्रोग्राम खऱ्या विंडोजवरही तसाच अडेल. यंत्राचे घड्याळ चुकीचे असणे हेही एक कारण असते. मदरबोर्डवरील बटन-सेल संपलेला असतो, तारीख मागे जाते आणि प्रत्येक प्रमाणपत्र अवैध ठरते. हा सेल विजेच्या दुकानात मिळतो.

करू नयेत अशा गोष्टी

घाईत दोन उपाय सर्रास सुचविले जातात आणि दोन्ही टाळावेत. पहिला, वाइन मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालविणे. परवानगीची त्रुटी त्याने मिटते खरी, पण विंडोजच्या एखाद्या विषाणूलाही मग संपूर्ण लिनक्स यंत्र मोकळे होते. शिवाय वाइनच्या फोल्डरमधील फाइलींची मालकी बदलून नवेच दुखणे मागे लागते. दुसरा, खऱ्या विंडोजमधील विनसॉकची फाइल उचलून वाइनमध्ये टाकणे. वाइनमध्ये काही फाइलींची अशी अदलाबदल चालते, हीच नाही. ही फाइल विंडोजच्या कर्नलवर विसंबून असते आणि वाइनजवळ तो कर्नल नसतो. परवान्याचा प्रश्न वेगळाच.

दोष खरोखर वाइनचा ठरला

पूर्वीच्या आवृत्तीत चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीत बिघडला असेल, तर शोध बराच सोपा होतो. वाइनच्या विकासाची दर पंधरवड्याला नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद असते. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या दरम्यान हजार बदल झाले असतील, तर 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा मधला बदल निवडून देते. तेथे प्रोग्राम चालला तर दोष उत्तरार्धात, नाही तर पूर्वार्धात. असे निम्मे निम्मे करीत सुमारे दहा चाचण्यांत नेमका बदल हाती लागतो. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी आणि दिवसभराची वीज लागते.

पूर्वीपासूनच न चालणाऱ्या प्रोग्रामबाबत मार्ग लांबचा आहे. वाइनचे रचनाकार मायक्रोसॉफ्टचा मूळ कोड पाहू शकत नाहीत; ज्याने तो पाहिला आहे त्याच्याकडून त्या विषयातील कामही घेतले जात नाही. मग विंडोज नेमके कसे वागते हे कळायचे कसे? त्यासाठी एक छोटा चाचणी-प्रोग्राम लिहितात. संशय असलेली एकच मागणी तो करतो आणि उत्तर तपासतो. तो आधी खऱ्या विंडोजवर चालवितात आणि मग वाइनवर. दोन उत्तरांत फरक पडला, की दोष सिद्ध झाला. विंडोजच्या कागदपत्रांत काय लिहिले आहे यापेक्षा विंडोज प्रत्यक्षात काय करते, याला येथे अधिक किंमत आहे. कागद आणि वर्तन यांत अंतर असल्याचे याच चाचण्यांतून पुष्कळदा उघड झाले आहे.

गिरणीतील तरुणाकडून चाचणी-प्रोग्रामची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु त्याची तक्रार उपयोगाची ठरावी असे वाटत असेल, तर 'नेटवर्क चालत नाही' एवढे लिहून भागत नाही. वाइनची आवृत्ती, लिनक्सचे नाव व आवृत्ती, प्रोग्रामची आवृत्ती, नेमक्या कोणत्या कृतीनंतर काय घडले आणि सोबत विनसॉक वाहिनीची पूर्ण नोंद, एवढे तरी द्यावे. नोंद देण्यापूर्वी तीत पासवर्ड वा ग्राहकांची नावे उमटली नाहीत ना, हे डोळ्यांखालून घालावे. तारेवरून टिपलेल्या पॅकेटांबाबत तर हे अधिकच आवश्यक. वाल्व्ह या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारित 'प्रोटॉन' आणल्यापासून खेळांकडे पुष्कळ मनुष्यबळ वळले आहे. भारतातील एखाद्या तालुक्यात वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची तक्रार मागे राहू शकते, हे मान्य करूनच ती पाठवावी.

फरक दाखविणारी चाचणी वाइनच्या संग्रहात दाखल होते ती दोष दुरुस्त होण्याआधीच. तिच्यावर 'टूडू वाइन' अशी खूण असते : विंडोजवर ही चाचणी उत्तीर्ण होते, वाइनवर अजून नाही. पुढे कोणी दुरुस्ती केली आणि ती स्वीकारली गेली, की त्याच बदलात ही खूण खोडली जाते. ती दुरुस्ती पंधरवड्याच्या आवृत्तीतून लवकर मिळते, स्थिर आवृत्तीतून मिळण्यास मात्र पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागू शकते. तोवर गिरणीमालकाने एक विंडोजचे यंत्र बाजूला राखून ठेवावे आणि त्यावर इंटरनेट जोडू नये.